नर्मदेवरच्या बोटीचा एसी

माझा मामेभाऊ धारला राहतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यानं एका मित्राबरोबर नर्मदेवर बोट चालवायला घेतली, तेव्हा घरात ते कोणालाच फारसं पटलं नाही. आमची माणसं आधी संस्थानच्या कचेरीत होती, नंतर शाळा, बँक आणि वीजमंडळात गेली. पाण्यावरचा धंदा कोणी केलेला नव्हता. मला त्याचा फोन आला तो मात्र सल्ल्यासाठी नव्हता, कामासाठी होता.

"ताई, बोटीत एसी बसवायचाय. तू बघून दे ना."

मी देवासला एका आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड शिकवत असे. कारखान्यांची शीतगृहं, दवाखाने, बँकांच्या शाखा, असं बरंच काही हाताखालून गेलं होतं. बोट मात्र कधीच नाही. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "एसी तर एसीच असतो ना."

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला मी धारला गेले आणि तिथून आम्ही दोघं गाडीनं गंधवानीवरून खाली नदीकडे उतरलो. धरण झाल्यापासून नर्मदा त्या भागात नदीसारखी राहिलेली नाही. पाणी लांबवर पसरलेलं आणि हलत नसल्यासारखं. काठावर लोखंडी पत्र्याची बोट उभी होती. वर मोकळा डेक, खाली बसायची केबिन, आणि केबिनला चारी बाजूंनी काच. भावाला त्या काचेचा फार अभिमान होता.

"सगळीकडून व्ह्यू," तो म्हणाला.

"सगळीकडून ऊनही," मी म्हटलं. "या काचा उघडतात का?"

"कशाला उघडायच्या? एसी असणार ना."

त्याचा बेत सोपा होता. घरात बसवतात तसे दोन स्प्लिट एसी लावायचे आणि त्यांची बाहेरची युनिटं वरच्या डेकवर ठेवायची. धारचा कुठलाही मेकॅनिक ते दुरुस्त करू शकेल, पार्ट इंदूरला मिळतील. यात काही चूक नव्हती. पण ती युनिटं जड असतात, आणि बोटीत वजन जितकं वर जाईल तितकी बोट डुलायला मोकळी होते. शिवाय निमाडातल्या मे महिन्यात दुपारी लोखंडी डेकवरची हवा तव्यावरच्या हवेसारखी असते. त्या हवेत उष्णता टाकायची म्हणजे मशीन धापा टाकणार. खाली मात्र नदीचं पाणी होतं, हवेपेक्षा पुष्कळ थंड. बोटींसाठी वेगळी मशिनं मिळतात. ती आपली उष्णता हवेत न सोडता पाण्यात सोडतात. एक पंप नदीचं पाणी आत ओढतो, ते मशिनीतून फिरतं आणि गरम होऊन पुन्हा नदीत पडतं. मशीन बाकांखाली मावतं, वजन खाली राहतं.

मी ते सुचवलं. तोट्याची बाजूही सांगितली. पाण्यातला गाळ, शेवाळ, प्लास्टिक आत जाऊ नये म्हणून गाळणी असते, ती रोज साफ करावी लागते. आणि बिघडलं तर धारचा मेकॅनिक डोकं खाजवत बसेल.

"तू आहेस ना," भाऊ म्हणाला.

"मी देवासला आहे."

तो हसला आणि ठरलं. त्याआधी मी काचांना ऊन अडवणारी फिल्म लावून घेतली, छताखाली जाड थर्माकोल घातला आणि वरच्या डेकवर पांढरं छप्पर उभं करायला लावलं. उष्णता आत आल्यावर बाहेर काढण्यापेक्षा ती आत येऊच न देणं सोपं असतं, हे मी वर्गात इतक्यांदा सांगितलं होतं की सांगताना मला स्वतःचाच कंटाळा यायचा. जनरेटर मागच्या टोकाला, त्याचा धूर केबिनपासून लांब निघेल असा बसवला. काचांमधल्या दोन तरी सरकत्या कराव्यात असंही मी म्हटलं होतं. फ्रेम आधीच आल्या होत्या, म्हणून ते राहून गेलं.

पाणी ओढायचं भोक कुठे पाडायचं यावर बोट बांधणाऱ्याशी बरीच चर्चा झाली. ते शक्य तितकं खाली, तळाशी हवं, असं माझं म्हणणं. तो म्हणाला, "मॅडम, उन्हाळ्यात पाणी उतरतं. बोट घाटावर चिखलात टेकते. तळाला भोक ठेवलं तर पंप चिखल ओढेल." हे मला पटलं. मग आम्ही ते उजव्या अंगाला, पाण्याच्या रेषेच्या वीतभर खाली पाडलं.

जानेवारीत बोट सुरू झाली. एसी व्यवस्थित चालत होता. त्या दिवसांत त्याची कोणाला फारशी गरजही नव्हती. भाऊ मला फोनवर केबिनचं तापमान सांगत असे, आणि मी "छान" म्हणत असे.

एप्रिलच्या मध्यावर तक्रारी सुरू झाल्या. बोट निघाली की एसी झकास चालायचा आणि अर्ध्या रस्त्यात बंद पडायचा. पुन्हा लावला तर थोडा घरघरून परत बंद. घाटावर परत आल्यावर नावाडी गाळणी उघडायचा, धुवायचा, लावायचा आणि मग मशीन पुन्हा ठणठणीत. हा नावाडी तिथलाच केवट होता. जुन्या काठावरचं त्याचं घर बुडाल्यावर तो वर पुनर्वसन वसाहतीत राहायला आला होता.

मी फोनवर म्हटलं, "मग कचराच अडकत असेल. गाळणी निघायच्या आधीही साफ करा."

त्यांनी तसं केलं. तरी बंद पडायचा. भावानं मनावर गावातून एक मेकॅनिक बोलावला. त्यानं गॅस कमी असल्याचं सांगून गॅस भरला. त्यानंतर मशीन आणखी लवकर बंद पडू लागलं. भावाला ऊन हेच कारण वाटत होतं. नावाड्याचं मत वेगळं होतं. मशीन बरोबर बुडालेल्या देवळापाशी बंद पडतं, असं तो सांगत होता. धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की तिथे एका जुन्या देवळाचं शिखर वर येतं. बोट तिथपर्यंत जाऊन वळायची.

"भिया, नर्मदा मैया को ये मशीन पसंद नहीं है," तो भावाला म्हणाला होता. भावानं मला हे हसत सांगितलं, पण त्यानं त्या दिवशी घाटावर नारळ फोडला होता, हे मला पुढे कळलं.

मे महिन्यात बदनावरचं एक कुटुंब आलं. त्यात एक निवृत्त मास्तर होते, सत्तरी ओलांडलेले. एसी नेहमीच्या ठिकाणी बंद पडला. बोट मध्यावर, काचा पक्क्या, दरवाजा एक. मंडळी घाम पुसत वरच्या डेकवर निघाली. मास्तरांना जिना चढायचा नव्हता. ते आतच बसून राहिले. त्यांची सून पाणी घेऊन खाली आली तेव्हा ते बाकावर कलंडले होते आणि हाकेला ओ देत नव्हते.

नावाडी आणि त्यांचा मुलगा, दोघांनी त्यांना उचलून वर सावलीत आणलं, अंगावर नदीचं पाणी ओतलं. घाटावर पोचेपर्यंत त्यांनी डोळे उघडले होते. कुक्षीच्या दवाखान्यात सलाईन लावलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडलं. काही वाईट झालं नाही. पण भाऊ दवाखान्याच्या व्हरांड्यात मास्तरांच्या मुलासमोर उभा होता, आणि तो मुलगा औषधाची चिठ्ठी घेऊन त्याच्या बाजूनं निघून गेला. भाऊ म्हणाला, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो मला हे सगळं फोनवर सांगत होता, आणि सांगता सांगता त्याचा आवाज बदलला.

"ताई, साधे स्प्लिट लावले असते तर हे झालं नसतं."

"काचा उघडत्या असत्या तरी झालं नसतं," मी म्हटलं.

 मग मी त्याला सांगितलं, कारण सापडेपर्यंत केबिनचा दरवाजा उघडा ठेवायचा, एसी बंद पडला की एकालाही आत बसू द्यायचं नाही, आणि मी येतेय.

मी धारला पोचले तर मामी पिशवी भरून तयार बसलेल्या. मामी म्हणजे या भावाची आई. त्यांचं माहेर नर्मदेकाठचं. त्यांच्या वडिलांकडे एका देवळाची पूजा होती. नावाडी सांगत होता ते हेच देऊळ, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. गाव उठलं तेव्हा मामी तिकडे गेल्या नव्हत्या, आणि नंतरही नाही.

"मामी, फार ऊन आहे. तुम्ही कशाला येता?"

"मला न्यायचं नसलं तर तसं सांग. उन्हाचं नको सांगू," त्या म्हणाल्या. "मी तिथलीच ना गं."

भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "मी सगळं सांगून थकलोय. तूच बघ." मी एक मोठा थर्मास, मीठ-साखरेचं पाणी आणि हातपंखा घेतला. मामींना गाडीत पुढे बसवलं.

सकाळी घाटावर पोचल्यावर मी आधी गॅसचा दाब बघितला. मेकॅनिकनं गरजेपेक्षा जास्त भरला होता. तो मी बेतशीर केला. दाब जास्त असल्यानं मशीन लवकर बंद पडत होतं, एवढं त्यानं समजलं. पण मुळात बंद का पडतं ते कळलं नव्हतं. गाळणी उघडून बघितली, तीत दोन पानं आणि चिमूटभर शेवाळ होतं. एवढ्यानं पाणी अडणार नाही. पंप उत्तम चालत होता. बाहेर पडणारी गरम पाण्याची धार चांगली जाड होती. घाटाला बांधलेल्या बोटीत मशीन मी जवळजवळ तासभर चालवलं, काही झालं नाही.

मग नेहमीची फेरी निघाली. राजगडकडची एक वऱ्हाडाची मंडळी होती, बायका, पुरुष, मुलं. मामी केबिनमध्ये उजव्या हाताच्या बाकावर बसल्या. मी मागच्या बाजूला जमिनीवरचं झाकण उघडून पंपाशेजारी मांडी घालून बसले. वऱ्हाडातल्या एका बाईनं मला विचारलं, "बहनजी, तबीयत ठीक है?" मी म्हटलं, काम करतेय. तिला ते फारसं पटल्यासारखं दिसलं नाही.

गाळणीला वर पारदर्शक झाकण होतं. त्यातून पाणी फिरताना दिसायचं. मी ते बघत राहिले. बोट काठाकाठानं चालली होती, केबिन गार होती, मुलं काचेला नाक लावून बसली होती. बराच वेळ काही घडलं नाही आणि माझी पाठ दुखायला लागली.

मग नावाड्यानं वरून आवाज दिला, "मंदिर आ गया, लेफ्ट में देखो."

सगळे उठले. वरच्या डेकवरही पळापळ झाल्याचं ऐकू आलं. माझ्या समोरच्या झाकणात आधी एक बुडबुडा आला, मग दोन-तीन, आणि मग सगळं पाणी दुधासारखं पांढरं झालं. पंपाचा आवाज पातळ झाला. बाहेर पडणारी धार तुटली. मी हात लावला तर मशिनीची नळी तापायला लागली होती. थोड्या वेळात खट्ट आवाज झाला आणि एसी बंद पडला.

मी मान वर केली. केबिनमधला एकूण एक माणूस डाव्या काचेशी उभा होता. जमीन डावीकडे उतरती झाली होती. माझा स्क्रू-ड्रायव्हर त्या उतारावरून घरंगळत गेला. उजव्या बाजूला फक्त मामी होत्या, पदर डोक्यावर घेऊन, देवळाकडे पाठ करून बसलेल्या.

मी दरवाजाबाहेर जाऊन उजव्या कठड्यावरून खाली वाकून बघितलं. बोटीचं हे अंग वर उचललं गेलं होतं. आम्ही पाडलेलं भोक पाण्याच्या बरोबर रेषेवर आलं होतं आणि लाटेगणिक हवा गिळत होतं.

मग बाकीचं आपोआप उलगडलं. पंपानं एकदा हवा धरली की लोक जागेवर परत बसले तरी ती निघत नाही. घाटावर आल्यावर नावाडी गाळणी धुवायला झाकण उघडायचा, तेव्हा ती हवा निघून जायची आणि मशीन सुरू व्हायचं. म्हणून सगळ्यांना, मलासुद्धा, कचऱ्याचा संशय होता. आणि हिवाळ्यात हे कधी झालं नाही, कारण तेव्हा देऊळ पाण्याखाली असतं आणि कोणालाही उठून डावीकडे जायचं कारण नसतं.

मी तिथेच पाणी आत घेणारा वॉल्व बंद केला, झाकण उघडलं, वॉल्व हळूच सोडून हवा काढली आणि मशीन लावलं. ते चालू झालं. वऱ्हाडातल्या त्याच बाईनं आता मान डोलावली.

घाटावर उतरल्यावर मी नावाड्याला म्हटलं, "भैया, अगली बार उलटी तरफ़ से जाओ. मंदिर राइट में आना चाहिए."

"उससे क्या होगा, दीदी?"

"देखते हैं."

दुपारच्या फेरीत भाऊ माझ्याबरोबर खाली बसला. नावाड्यानं लांबून वळसा घेतला. देऊळ उजवीकडे आलं, माणसं उजवीकडे धावली, बोट तिकडे कलली आणि भोक आणखी खोल गेलं. झाकणातलं पाणी स्वच्छ राहिलं. एसी चालूच होता. भाऊ त्या झाकणाकडे बघत राहिला, आणि मग त्यानं दोन्ही हातांनी चेहरा पुसला.   फोनवर जे बोललो होतो, त्याविषयी आम्ही नंतरही कधी बोललो नाही.

त्या फेरीला मामी आल्या नव्हत्या. त्या घाटावर नावाड्याच्या बायकोजवळ सावलीत बसल्या होत्या. दोघींची ओळख निघाली होती. म्हणजे नावाड्याच्या सासूला मामी लहानपणी ओळखत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"मामी, तुम्ही देऊळ बघितलंच नाही."

"दिसलं जाताना जरासं," त्या म्हणाल्या. "नुसतं टोक दिसतं. आम्ही त्याला खालून बघत होतो, वरून काय बघायचं."

"मग आलात कशाला?"

त्यांनी थोडा विचार केला. "पाणी कुठपर्यंत आलंय ते बघायचं होतं. सगळे सांगतात, पण आपल्याला अंदाज येत नाही." मग त्यांनी विचारलं, "तुझं मशीन झालं का दुरुस्त?"

मी म्हटलं, कारण सापडलंय, दुरुस्ती व्हायची आहे.

"मग बरं आहे," त्या म्हणाल्या आणि नावाड्याच्या बायकोशी पुन्हा बोलू लागल्या. त्यांची निमाडी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. धारच्या घरात त्या शुद्ध मराठीत ओरडायच्या, एवढंच मला माहीत होतं.

पावसाळ्यात बोट काठावर ओढली तेव्हा आम्ही ते जुनं भोक बुजवलं. तळाच्या मध्यभागी, कणा असतो तिथे, लोखंडाची एक छोटी पेटी जोडली आणि तिच्या आतून पाणी घेतलं. तळ चिखलात टेकला तरी पेटीचं तोंड वर राहावं म्हणून खाली दोन पट्ट्या लावल्या. बोट कुठल्याही बाजूला कलली तरी मध्यभाग पाण्यातच राहतो. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन काचा सरकत्या केल्या. भावानं या वेळी वाद घातला नाही. वरच्या डेकवर किती माणसं एकदम सोडायची यावरही बंधन घातलं, कारण एसीचा प्रश्न सुटला तरी बोट इतकी कलणं चांगलं नव्हतंच. नावाड्याला मी हवा काढायची रीत समजावून सांगितली. त्यानं एकदाच ऐकून करून दाखवली. मैयाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही, पण फेरी सुरू करताना तो आधीसारखंच पाण्याला हात लावून कपाळाला लावतो.

मधे आम्ही दोघं बदनावरला मास्तरांच्या घरीही जाऊन आलो. मुलगा घरी नव्हता. मास्तर ओसरीत बसून शेंगा सोलत होते. भावानं काय झालं होतं ते सविस्तर सांगितलं, हवा, पंप, कलणं, सगळं. मास्तरांनी ते गणिताच्या मास्तरासारखं मधे मधे प्रश्न विचारत ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "मतलब गलती उनकी, जो मंदिर देखने उठे. मैं तो बैठा था." भाऊ हसावं की नाही या विचारात पडला. मास्तरांच्या सुनेनं चहा आणला. निघताना तिनं भावाला बाजूला घेऊन सांगितलं की यांना पुन्हा बोटीवर बोलावू नका, बोलावलं तर ते येतील.

पुढचा उन्हाळा ठीक गेला. एसी एकदा बंद पडला, तेव्हा जनरेटरचं डिझेल संपलं होतं.

त्यानंतरच्या जानेवारीत मी सहज म्हणून गेले होते. पाणी काठोकाठ होतं, वारा गार होता आणि केबिनमधली माणसं शाली लपेटून बसली होती. एसीला कोणी हात लावला नव्हता. नावाडी मागे येऊन माझ्याजवळ उभा राहिला.

"दीदी, ये मशीन गरम हवा नहीं दे सकती क्या?"

तशी सोय त्या मशिनीत होती. आम्ही ती कधी जोडलीच नव्हती. मी म्हटलं, झाकण उघड, बघते.